रुग्ण ‘हो’ म्हणतात, पण सांगितलेले पोहोचत नाही: नेमके कुठे अडते?

प्रश्न: नवा वैद्यकीय अधिकारी

नमस्कार. मराठवाड्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी गेले सात महिने काम करतो आहे. माझी घरची भाषा मराठी आणि येथे येणाऱ्या रुग्णांचीही मराठीच, त्यामुळे बोलण्या-समजण्याची अडचण येईल असे मला कधी वाटलेच नव्हते. आता मात्र रोज तीच अडचण येते.

दोन प्रसंग सांगतो. मधुमेह असलेल्या एका आजींना मी ‘उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायला या’ असे सांगितले. त्या वेळेवर आल्या, पण साखर इतकी वाढलेली निघाली की मी औषधाचा डोस वाढवायला निघालो होतो. तेवढ्यात आमच्या सिस्टरांनी सहज विचारले, तेव्हा कळले की आजी दोन कप गोड चहा घेऊन निघाल्या होत्या. ‘खाल्लं काहीच नाही, नुसता चहा घेतला,’ असे त्या अगदी प्रामाणिकपणे म्हणाल्या. दुसरा प्रसंग जुलाब झालेल्या बाळाचा. ओआरएसची पुडी पाण्यात कालवून थोडे थोडे पाजत राहा, असे मी आईला सांगितले होते. लिटरभर पाण्याची ती अख्खी पुडी तिने एका पेल्यात कालवली. बाळ तांब्याभर पाणी पिणारच नाही, मग ते वाया का घालवायचे, असा तिचा विचार होता. शिवाय पूर्वी दुकानातून आणलेली पुडी पेल्याचीच होती. नशिबाने बाळाने ते खारट पाणी दोन चमच्यांपुढे घेतले नाही.

दोघींनाही मी सावकाश, सोप्या शब्दांत सांगितले होते. शेवटी ‘समजले ना?’ असे विचारून, ‘हो’ ऐकल्यावरच पुढच्या रुग्णाला बोलावले होते. समाजवैद्यकशास्त्रात संवादाची आकृती आम्ही पाठ केली होती: सांगणारा, निरोप, माध्यम, ऐकणारा आणि प्रतिसाद. त्या आकृतीतले सगळे येथे हजर असूनही निरोप पोहोचत नाही. ओपीडीत रोज ऐंशी-नव्वद रुग्ण असतात, म्हणजे एकेकाला जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात काय करता येईल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १: तालुक्याचा जुना डॉक्टर

तुमच्या आकृतीत प्रतिसादाच्या चौकटीपाशी चूक आहे, आणि ती ‘समजले ना?’ या प्रश्नाने होते. पांढरा कोट घातलेल्या माणसाने खुर्चीतून हा प्रश्न विचारला आणि दारात रांग उभी असली, की ‘नाही’ म्हणणे म्हणजे स्वतःला अडाणी ठरवणे आणि डॉक्टरांना खोटे पाडणे, असे दोन अपराध एकदम करण्यासारखे असते. म्हणून ‘हो’ येतो. तो आदराचा असतो. समजल्याचा असेलच असे नाही.

मी गेली कित्येक वर्षे वेगळे विचारतो. ‘आजी, घरी गेल्यावर सूनबाईने विचारले की डॉक्टर काय म्हणाले, तर तिला काय सांगाल?’ मग आजी बोलू लागतात, आणि मी काय सांगितले होते हे मला पहिल्यांदा कळते. मात्र आवाज परीक्षा घेणाऱ्या मास्तरांचा नको. ‘मला नीट सांगता आले का, ते बघतो आहे’ एवढे म्हटले की चुकीचा भार रुग्णावरून आपल्यावर येतो आणि माणूस मोकळा बोलतो.

आता शब्दांविषयी. खाणे, पिणे आणि चहा घेणे ही आपल्याकडे तीन वेगळी कामे आहेत, त्यामुळे ‘उपाशीपोटी’ या शब्दात चहा बसत नाही. ‘जेवणानंतर गोळी’ म्हटले की एकादशीला गोळी बंद, कारण त्या दिवशी जेवण नसते, फराळ असतो. ऊसतोडीला गेलेला माणूस पहाटे अंधारात फडावर जातो, भाकरी सोयीने खातो आणि ‘नाश्त्यानंतर’ म्हणजे कधी, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ‘साखर बंद करा’ हे ऐकून साखर खरोखर बंद करणारे आणि त्या दिवसापासून चहात गूळ घालणारे रुग्ण मला दर आठवड्याला भेटतात. त्यांनी माझा शब्दन् शब्द पाळलेला असतो, तेव्हा रागवायचे कोणाला? ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला’ या वाक्याने तर मी एकदा एका शिक्षकालाही रडवले आहे.

ओआरएससाठी ‘लिटर’ हा शब्दच वापरू नका. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली टेबलावर ठेवा आणि ती दाखवून, ‘ही पूर्ण भरायची, त्यात पूर्ण पुडी टाकायची, आणि उद्यापर्यंत उरले तर फेकून द्यायचे’ असे सांगा. त्या आईला काटकसर सुचली होती, म्हणून उरलेले फेकायची परवानगी तिला आधीच द्यायला हवी होती.

उत्तर २: निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक

मी डॉक्टर नाही, पण बोललेला शब्द पोहोचला की नाही हे तपासण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून लिहितो.

रेडिओवरच्या बोलण्यात ‘रॉजर’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ ‘तुमचे बोलणे मला ऐकू आले’ एवढाच आहे. मी तसे करीन, असा नव्हे. त्यासाठी ‘विल्को’ हा वेगळा शब्द आहे. आणि उंची, धावपट्टी, उड्डाणाची परवानगी अशा जिवावरच्या गोष्टींसाठी हे दोन्ही शब्द पुरत नाहीत. तेथे वैमानिकाने मिळालेली सूचना स्वतःच्या तोंडाने परत म्हणायची असते आणि नियंत्रकाने ती ऐकून पडताळायची असते. तुमच्या रुग्णाचा ‘हो’ हा रॉजर आहे. आधीच्या डॉक्टरांनी सांगितलेला सूनबाईचा प्रश्न म्हणजे आमचे ते परत म्हणणे.

या शिस्तीसाठी फार मोठी किंमत मोजावी लागली आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. डच विमानातून ‘आम्ही आता टेक-ऑफला आहोत’ अशा अर्थाचे मोघम वाक्य आले. नियंत्रकाला वाटले, ते जागेवर उभे आहेत. प्रत्यक्षात विमान धावू लागले होते. नियंत्रक ‘ओके’ म्हणाला. त्यापुढचे ‘थांबा, मी सांगतो’ हे त्याचे शब्द आणि दुसऱ्या विमानाचे ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ हे शब्द एकाच वेळी निघाले, त्यामुळे डच कॉकपिटमध्ये मुख्यतः एक कर्कश शिट्टी ऐकू आली. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक रूढ झाला.

आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितले होते, समोरून विमान येत असल्याचेही कळवले होते, तरी ते आणखी खाली उतरले. त्या विमानात नियंत्रकाशी बोलण्याचे काम वैमानिकाकडे नव्हते, रेडिओ सांभाळणाऱ्या वेगळ्या कर्मचाऱ्याकडे होते, आणि इंग्रजीचे ज्ञान तोकडे होते. तुमच्या ओपीडीत सूचना ऐकतो कोण आणि गोळी घेतो कोण, हे एकदा पाहा. नातू ऐकतो, आजी गोळी घेतात आणि डबीत औषधे सूनबाई भरतात, असे असेल तर मधल्या प्रत्येक पायरीवर विमान हजार फूट खाली येऊ शकते.

तुमच्या त्या आकृतीविषयीही थोडे सांगतो. तिचे मूळ बहुतांशी क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या शोधनिबंधात आहे. ते टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होते, संदेश तारेतून शाबूत कसा जाईल हा त्यांचा प्रश्न होता, आणि अर्थाचा प्रश्न त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवला होता. तुमची तार शाबूत आहे, घोळ अर्थात आहे. पण गोंगाटातून संदेश वाचवायचा तर त्यात थोडी जादा भर हवी, हे त्यांचे म्हणणे तुमच्याही कामाचे आहे. आम्ही आकडा नऊ ‘नायनर’ असा लांबवून म्हणतो, तो त्यासाठीच. तुम्हीही ‘एकोणसाठ’ म्हणालात तर पाठोपाठ ‘पाच आणि नऊ’ म्हणा. (हल्लीच्या इंग्रजी माध्यमातल्या डॉक्टरांना एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक स्वतःला सांगता येतो का, हा प्रश्न मी येथे विचारत नाही.)

उत्तर ३: आशा गटप्रवर्तक

डॉक्टरसाहेब, वरचे सगळे पटले, पण आमच्या बाजूने एक सांगायचे आहे. बाई काय ऐकते याच्याआधी ती काय बोलू शकते, हे पाहावे लागते. तपासणीच्या टेबलाभोवती चार माणसे उभी असतात, दाराचा पडदा अर्धा उघडा असतो, आणि शेजारी सासू किंवा दीर असतो. अशा वेळी ‘अंगावरून पांढरे जाते’ हे कोणती बाई म्हणेल? ती ‘कंबर दुखते, अशक्तपणा वाटतो’ एवढेच म्हणते, तुम्ही रक्तवाढीच्या गोळ्या देता, आणि ती ‘हो’ म्हणून घरी जाते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यात ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळले, आणि त्याआधी तपासणी व उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्या बायकांना दुखत नव्हते असे नाही. त्यांना विचारणारे कोणी नव्हते, आणि सांगायला जागा नव्हती.

गोळ्यांविषयीही तसेच. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते, हे आधी सांगितले नाही तर तिसऱ्या दिवशी गोळ्या पत्र्याच्या डब्यात जातात आणि विचारल्यावर ‘घेते की’ असे उत्तर येते. मी विचारताना ‘गोळ्या घेता का?’ असे म्हणत नाही. ‘पाकीट दाखवा बघू, किती उरल्या’ असे म्हणते आणि हसत हसत मोजते.

समोरच्याला जमेल अशा रूपात निरोप द्यायचा, याचे एक उदाहरणही गडचिरोलीचेच आहे. बाळाचे श्वास पन्नास-साठपर्यंत मोजणे ज्या दाईंना अवघड होते, त्यांच्यासाठी तेथे मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असे साधन केले होते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दाईला आकडे शिकवत बसण्यात वर्ष गेले असते.

उत्तर ४: औषधनिर्माण अधिकारी

नव्वद रुग्णांकडून प्रत्येक वेळी परत म्हणवून घेणे शक्य नाही, हे कोणीतरी स्पष्ट लिहायला हवे. इन्शुलिन, लहान मुलांची औषधे, गरोदर माता, क्षयरोगाचा नवा रुग्ण आणि ज्यांचे औषध आज बदलले आहे ते, एवढ्यांसाठी तो वेळ राखून ठेवा. बाकीच्यांसाठी केसपेपरवरचे ‘१-०-१’ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) माझ्या खिडकीपर्यंत वाचता येईल असे लिहा, म्हणजे मी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देईन. खिडकीला जाळी आहे, मागे गर्दी आहे आणि वर पंखा खडखडतो. तेथे मी तोंडाने सांगितलेले कोणाला ऐकू जात नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवस करून पाहिले आणि मग लिहितो आहे. बाटली टेबलावर आली, पडद्याला आणखी दोन कड्या लागल्या, आणि सासूबाईंना ‘तुम्ही जरा वजन करून या’ असे सांगून बाहेर पाठवण्याची युक्ती सिस्टरांनी शोधली. परत म्हणवून घ्यायला एकेकामागे मिनिटभर जास्त लागते, म्हणून औषधनिर्माण अधिकाऱ्यांची यादी तशीच्या तशी उचलली आहे. तरी दुपारचे जेवण आता अडीचला होते.

त्या आजी काल पुन्हा आल्या होत्या. घरी काय सांगाल, असे विचारल्यावर त्यांनी नातवाकडे बघून घडाघडा म्हणून दाखवले: उद्या सकाळी चहासुद्धा नाही, गुळाचा पण नाही, साधे पाणी चालेल. मी समाधानाने पुढचा केसपेपर ओढला, तर त्या दारातून परत फिरल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘आणि मिश्री लावली तर चालते का?’ पाठ्यपुस्तकात याचे उत्तर वाचल्याचे आठवेना, म्हणून तपासणी होईपर्यंत तीही लावू नका, असे सांगितले. जुन्या डॉक्टरांचे यावर काय मत आहे?