मदत हवी आहे: केदारकंठाला रात्रीच्या थंडीत नक्की काय काय घालायचं?

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या शेवटी केदारकंठा शिखराचा ट्रेक करतोय, उत्तराखंडात, उंची साधारण १२,५०० फूट, ऑफिसमधले चौघं आहोत. हिमालय पहिल्यांदाच. पुण्यातली आपली थंडी म्हणजे पहाटे सिंहगडावर कानटोपी घालून कांदाभजी, त्यामुळे बर्फात तंबूत झोपायचं म्हटल्यावर जरा टरकलीये.

कारणही आहे. गेल्या जानेवारीत हरिश्चंद्रगडाला गेलेलो, खिरेश्वरकडनं टोलारखिंडीतनं वर, चढताना कॉटनचा टीशर्ट पिळून काढावा इतका भिजला, आणि कोकणकड्यावर वारा सुटल्यावर मी शहाण्याने त्याच ओल्या टीशर्टवर आईने विणलेला स्वेटर, त्यावर दुसरा स्वेटर, त्यावर जर्किन असं सगळं चढवलं. तरी स्लीपिंग बॅगमध्ये दात वाजतायत! शेवटी तीनच्या सुमारास मित्र वैतागून उठला, माझ्या पाठीवर आतनं हात फिरवला आणि म्हणाला, "गाढवा, आत सगळं ओलंच आहे की." त्याचा कोरडा टीशर्ट घातला, वर एकच स्वेटर, आणि पंधरा मिनिटांत झोप.

तर चालताना, कँपवर आणि झोपताना काय घालायचं? समिटला पहाटे तीनला निघतात म्हणे, तेव्हा सगळं एकदम चढवायचं का? बजेट ५,००० रुपये. आणि आई तीन स्वेटर भरून बसलीये, तिला काय सांगू?

उत्तर:

अरे, निम्मं उत्तर तुझ्या टीशर्टनेच दिलंय. कॉटन घाम धरून ठेवतं. अंगालगत पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, लोकरीसारख्या सिंथेटिक कापडाचं जॅकेट), वर वारा अडवायला विंडचीटर, चालताना एवढंच. निघताना थोडं कुडकुडलं पाहिजे, तेव्हाच मस्त ऊबदार वाटत असेल तर पहिल्याच चढाला घाम फुटणार. जाड पॅडेड जॅकेट सॅकमध्ये सगळ्यात वर ठेव आणि थांबलास की लगेच घाल, थंडी वाजायची वाट बघू नको. समिटला निघताना ते अंगात असलं तरी चालेल, पण अंग तापलं की थांब आणि काढ, ग्रुप खोळंबला तर खोळंबू दे.

झोपायचा एक कोरडा जोड, थर्मल आणि लोकरीचे मोजे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेव आणि काहीही झालं तरी चालताना त्याला हात लावू नको. खाली मॅट चांगली हवी, स्लीपिंग बॅगेचं भरण अंगाखाली दबतं आणि जमिनीतनं गारवा येतो. बाटलीत गरम पाणी भरून, झाकण दोनदा बघून, मोज्यात घालून पायाशी ठेव, सकाळी प्यायला न गोठलेलं पाणीही मिळतं. मात्र घट्ट बुटात दोन-दोन जाड मोजे कोंबू नको, रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात.

थर्मल, फ्लीस, मोजे विकत घे, जाड जॅकेट सांकरीत, म्हणजे ट्रेक जिथनं सुरू होतो त्या गावात, भाड्याने मिळतं, त्यामुळे बजेटमध्ये बसेल. आईला नाही म्हणू नको, एक स्वेटर घे, गुंडाळून उशी होते.

धागाकर्ता:

खूप धन्यवाद दादा! आईला वाचून दाखवलं. ती म्हणतेय एका स्वेटरची उशी फारच पातळ होईल.