शेवटच्या आठवड्यात चाचण्या घेण्यावर काही बंधन आहे का?

तिसरे_वर्ष: नमस्कार. आमच्याकडे सत्राच्या शेवटच्या आठवड्यात सर्व विषयांच्या चाचण्या, तोंडी परीक्षा आणि जर्नलचे सबमिशन एकाच वेळी लावले आहे. त्यानंतर लगेच लेखी परीक्षा आहे. तासांच्या शेवटच्या आठवड्यात परीक्षा घेऊ नये, असा विद्यापीठाचा नियम असल्यास कृपया परिपत्रक द्यावे. शुक्रवारी वेळापत्रक कायम होणार आहे, त्यामुळे उत्तर तातडीने हवे आहे.

चर्नीरोड: महाविद्यालय संलग्न आहे की स्वायत्त? आणि शाखा कोणती? स्वायत्त असेल तर परीक्षांचे वेळापत्रक महाविद्यालयच ठरवते, विद्यापीठ केवळ पदवी देते. मग विद्यापीठाचे परिपत्रक शोधण्यात वेळ जाईल.

पूर्वी_अमेरिकेत: तिकडे या आठवड्याला ‘डेड वीक’ म्हणतात. अनेक विद्यापीठांत त्या काळात मोठ्या गुणांची परीक्षा घेण्यावर लेखी निर्बंध असतात. तोच नियम छापून प्राचार्यांना दाखवा.

निवृत्त_प्राध्यापिका: त्याने काहीही साधणार नाही, कारण तेथेही प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा असतो आणि तो येथे कोणालाच बंधनकारक नाही. मी परीक्षा समितीवर काम केले आहे. पावसाने बुडालेले दिवस आणि गणपतीची सुट्टी यांमुळे अभ्यासक्रम मागे पडतो, मग चाचण्या ढकलत ढकलत शेवटी येऊन साचतात. तोंडी परीक्षेची तारीख बाहेरच्या परीक्षकांच्या सोयीने ठरते, ती सहसा हलत नाही. वर्गातल्या चाचण्या मात्र हलवता येतात. तेवढीच मागणी करा.

कल्याण_फास्ट: उपस्थिती ७५ टक्के आहे ना, ते आधी पाहा. माझ्या भावाला त्यामुळेच हॉल तिकीट मिळाले नव्हते.

चर्नीरोड: प्रश्न उपस्थितीचा नाही. धागाकर्त्याने अजून मूळ माहितीच दिलेली नाही.

तिसरे_वर्ष: क्षमस्व, अभियांत्रिकी, स्वायत्त. मॅडम, चाचण्या हलवण्याविषयी आम्ही वर्गशिक्षकांशी बोललो. ते म्हणाले, ‘वरून आले आहे.’

पूर्वी_अमेरिकेत: मग सर्वांनी चाचणीवर बहिष्कार टाकावा.

निवृत्त_प्राध्यापिका: मुलांना असा सल्ला देऊ नका, अंतर्गत गुण त्यांचे जातील. परीक्षा नियंत्रकांच्या नावे लेखी अर्ज करा, वर्गातील सर्वांच्या सह्या घ्या आणि कोणती चाचणी कोणत्या दिवशी घेता येईल, हे त्यातच सुचवा. पर्यायी तारखा हातात दिल्या की नकार देणे कठीण जाते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. दाद मिळाली नाही, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार असलेल्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, पुढे विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येते. पण एवढ्या अवधीत तुमचा शेवटचा आठवडा उलटून जाईल, म्हणून अर्ज उद्याच द्या.

तिसरे_वर्ष: आज रात्री मसुदा करतो. सुचवलेल्या तारखांना प्रयोगशाळा रिकामी आहे का, हे लॅब असिस्टंटना विचारून घ्यावे लागेल का?

निवृत्त_प्राध्यापिका: लेखी चाचणीला प्रयोगशाळा लागत नाही, वर्गखोली पुरते. मात्र त्या दिवशी दुसऱ्या वर्षाचे प्रात्यक्षिक नाही ना, याची खात्री करा, कारण पर्यवेक्षक तेच शिक्षक असतात.