रोजचंच करताय, पण नुसती हजेरी होऊ नये म्हणून काय करता? (अनुभव सांगा)

मी सुरुवात करते. पुण्यात राहते, चार वर्षं झाली, रोज सकाळी पर्वती चढते, दोन फेऱ्या. आधी मजा यायची. मग नवऱ्याने वाढदिवसाला ते पावलं मोजणारं घड्याळ दिलं आणि कधी त्या घड्याळासाठी चढायला लागले माझं मलाच कळलं नाही. गेल्या आठवड्यात खाली उतरल्यावर लक्षात आलं की घड्याळ घरी चार्जिंगलाच राहिलंय, आणि मनात पहिला विचार काय यावा, तर "गेली की आजची चढाई वाया!" म्हणजे पाय माझे दुखले, घाम माझा गेला, पण कुणी मोजलं नाही म्हणून वाया. हसू आलं आणि जरा धसकापण घेतला. तर ज्यांच्या सवयी बरीच वर्षं टिकल्यात आणि तरी शिळ्या झाल्या नाहीत त्यांनी लिहा प्लीज. 'पहाटे पाचला उठा' छाप उपदेश नकोत, स्वतःचं सांगा.

---

ताई, आमचं गाव जुन्नर तालुक्यात. अंगणात पर्जन्यमापक आहे, वडिलांनी बसवलेला. सकाळी बरोबर साडेआठला बघायचं आणि वहीत लिहायचं, साडेआठलाच का तर हवामान खात्याचा दिवस साडेआठ ते साडेआठ धरतात म्हणून. वडील गेल्यावर वही माझ्याकडे आली ती नेमकी जानेवारीत, मग काय, शून्य, शून्य, शून्य. बायको म्हणाली अहो कोरडं भांडं बघायला रोज चष्मा कशाला लावता! सोडूनच देणार होतो, पण सहज जुन्या वह्या चाळल्या तर बाबा शून्याच्या पुढे काहीतरी लिहायचे. "० – शेवग्याला फूल." "० – वारा फिरला." "० – गाय आटली." तेव्हापासून मीपण लिहितो, आणि लिहायचं म्हणून आधी शेतात एक चक्कर होते.

पावसाळ्यात आणखी एक करतो. एक मिलिमीटर म्हणजे एकराला साधारण चार हजार लिटर पाणी. वहीत नुसतं ७ लिहिलं तर तो आकडा झाला, पण माझ्या दोन एकरात रात्रीत साडेछप्पन्न हजार लिटर पडलं म्हटलं की चहा हातात तसाच राहतो. सरकारी हिशोबात अडीच मिलिमीटरच्या खाली पाऊस असला तर तो 'पावसाचा दिवस' धरत नाहीत. बाबा दीडलापण लिहायचे, "दिवस भिजला."

---

रागावू नका कुणी, पण सवयीत अर्थबिर्थ शोधायला आधी ती आपण होऊन लावून घेतलेली असावी लागते. मी रोज २४ पोळ्या करते. सतरा वर्षं. कंटाळा आला म्हणून कुणाला सांगायचं, मोबाईलमधून डिलीट करता येतं का ते?

तरी विषय निघालाय तर सांगते. पूर्वी सगळ्यांचं झाल्यावर शेवटची गार पोळी माझी असायची. आता तव्यावरची पहिली माझी. कुणाला हाक मारायच्या आधी ओट्यापाशी उभं राहून, तूप-गूळ लावून, गुंडाळी करून. सासूबाईंनी एकदा बघितलं, काही बोलल्या नाहीत, मला वाटलं झालं आता. दुसऱ्या दिवशी हळूच येऊन उभ्या, "मलापण कर गं एक." आता दोघी खातो. बाकीच्या २२ तशाच कंटाळवाण्या आहेत हो, त्यात काही बदल नाही.

---

वरच्या ताईंना दंडवत _/\_

माझं जरा उलटं मत. कंटाळा घालवायचाच कशाला? तबला शिकतो, नोकरी सांभाळून. गुरुजींनी पहिलं दीड वर्ष एकच कायदा (म्हणजे बोलांची ठरलेली रचना) घासायला लावला, 'धा धा ती ट धा धा तू ना', बास. वैतागून विचारलं तर म्हणाले, कंटाळा आला ना, मग आता रियाज सुरू झाला. तेव्हा राग आला होता. पण खरंच, कंटाळ्याच्या पलीकडे गेल्यावर डोकं गप्प बसतं आणि 'ती' आणि 'ट' वेगवेगळे ऐकू यायला लागतात. आणि तसंही वाद्य रोज तेच नसतं, पावसाळी हवेत पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते, सूर उतरतो, हातोडी घेऊन आधी वीस मिनिटं लावत बसा. उन्हाळ्यात चढलेला असतो, तो खाली आणा. कायदा तोच, पण तबला दर सकाळी नवीन तक्रार घेऊन बसलेला असतो.

---

आमची कृतज्ञता डायरी. तीन आठवडे. पहिल्या दिवशी पानभर, विसाव्या दिवशी "आई, तब्येत, चहा – वरीलप्रमाणे." :D

आता दिवसभरात कानावर पडलेलं फक्त एक वाक्य लिहिते, बास. डोंबिवलीहून लोकलने जाते त्यामुळे मालाला तोटा नाही. कालचं, लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या काकूंना उद्देशून: "अहो, तुमची कोथिंबीर माझ्या मानेत टोचतेय!"

---

टोरांटोहून. रोज रात्री विरजण लावतो. थंडीत भांडं ओव्हनमध्ये, ओव्हन बंद, नुसता आतला दिवा चालू. दही दुकानात मिळतं, माहितीये. पण सकाळी भांडं जरा कलतं करून लागलंय का बघायचं, ते एक सेकंद पाहिजे मला.

---

धागा काढणारी परत आलेय. सगळ्यांना थँक्यू, पोळीवाल्या ताई तुम्हाला जास्त.

घड्याळ तीन दिवस ड्रॉवरमध्ये आहे. आज म्हटलं पायऱ्या स्वतः मोजू, १०३ आहेत असं चार वर्षं सगळ्यांना ठणकावून सांगत आलेय, मोजल्या मात्र कधीच नव्हत्या. ९७ भरल्या. मधे एक ओळखीच्या आजी भेटल्या, त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची सगळी हकीकत ऐकली, बहुतेक तिथेच सहा सांडल्या. उद्या परत मोजते.