प्रतिसाद: वाटाण्याएवढी वस्तू १४०० किमीत सापडली कशी?

'एवढी बारीक वस्तू शोधली तरी कशी?' असा प्रश्न पडतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात जानेवारी २०२३ मध्ये खाणीतून पर्थला जाणाऱ्या ट्रकमधून, १४०० किमीच्या वाटेत हरवलेली सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी पदार्थाची कॅप्सूल ६ मिमी व्यासाची, ८ मिमी उंचीची होती. पण ती डोळ्यांनी शोधायचीच नव्हती. तिची किरणोत्सर्गी ताकद १९ गिगाबेकरेल, म्हणजे १ मीटरवर तासाला साधारण दीड मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचं एकक). अंतराच्या वर्गाने भागलं तरी २० मीटरवर ३-४ मायक्रोसिव्हर्ट उरतात, म्हणजे किरणोत्सर्गाच्या नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट. म्हणून तर ७० किमी वेगाने जाणाऱ्या गाडीतल्या शोधयंत्राने १ फेब्रुवारीला ती टिपली: न्यूमन गावाच्या दक्षिणेला, रस्त्यापासून २ मीटरवर. मग हातातल्या यंत्राने नेमकी जागा, अनुक्रमांक जुळवणं आणि शिशाचा डबा.

निसटली कशी? ती खाणीतल्या घनता मोजणाऱ्या गेजमध्ये (मापकात) बसवलेली होती. त्या गेजचे स्क्रू प्रवासाच्या हादऱ्यांनी सुटले, एक बोल्ट पडला आणि कॅप्सूल त्याच भोकातून बाहेर गेली, असा तेव्हाचा अंदाज.

माझ्या मते खरी चूक पुढची. ट्रक १६ तारखेला पर्थला पोचला, गेजचं खोकं उघडलं २५ला! निघताना सर्व्हे मीटरने (किरणोत्सर्ग मोजणाऱ्या हातातल्या यंत्राने) खोक्याच्या पृष्ठभागावरचं आणि १ मीटरवरचं मापन लिहून ठेवायचं, उतरवताना तेच पुन्हा घ्यायचं. आकडा घसरला तर सोर्स (किरणोत्सर्गी कॅप्सूल) आत नाही, खोकं उघडायचीही गरज नाही. पाच मिनिटांचं काम.

आणि अशी वस्तू दिसलीच तर हात लावू नका, खिशात तर मुळीच नको. लांब व्हा आणि कळवा.