खगोलशास्त्राची क्रेडिट परीक्षा (डीएसएसटी): अभ्यास कशावरून करावा?

ओसरी:
मंडळी, नमस्कार. मी न्यू जर्सीत असते. लग्न होऊन इकडे आले तेव्हा बी.कॉम. अर्धवट राहिलं होतं. मुलगी हायस्कूलला गेल्यावर आता इथे पदवी पुरी करायला घेतली आहे. विज्ञानाची ३ क्रेडिट्स (पदवीसाठी विषयवार जमवायची एककं) उरलीत. दिवसा नोकरी असल्यामुळे वर्गात बसणं जमत नाही, तेव्हा परीक्षा देऊनच ती मिळवायची असं ठरवलंय. क्लेप आणि डीएसएसटी या वर्गात न बसता कॉलेजची क्रेडिट्स मिळवून देणाऱ्या इथल्या परीक्षा. क्लेपमध्ये खगोलशास्त्राचा पेपर नाही, डीएसएसटीमध्ये आहे.

माझं विज्ञान दहावीपर्यंतचं, तेही मराठी माध्यमातलं. विकतची तयारीची पुस्तकं चाळली, तर पानंच्या पानं नुसते प्रश्न आणि उत्तरं. उत्तर तेच का, याचा पत्ता नाही. पाठ करून पास होईनही कदाचित, पण मला हे समजून घ्यायचंय. लहानपणापासून आकाशाची ओढ आहे आणि अभ्यासाची संधी आत्ता मिळतेय. कुठून सुरुवात करू? गणित किती लागतं? कुणी ही परीक्षा दिली असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

कातळकडा:
ताई, मी ही परीक्षा दिली आहे. नंतर इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवणीत मदतही करत होतो. पैसे खर्च करायच्या आधी दोन फुकट गोष्टी हाताशी घ्या. पहिली म्हणजे डीएसएसटीच्या संकेतस्थळावरची या विषयाची फॅक्ट शीट. कोणत्या प्रकरणाला किती वजन ते तिच्यात दिलेलं असतं, नमुन्याचे थोडे प्रश्नही असतात. ती छापून भिंतीला लावा. दुसरी म्हणजे ओपनस्टॅक्सचं 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी' हे पाठ्यपुस्तक. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाचा हा उपक्रम आहे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती २०२२ची. ३० प्रकरणं आहेत. आकडा पाहून घाबरू नका, भाषा फार सोपी आहे आणि पीडीएफ फुकट उतरवता येते.

सगळी प्रकरणं सारख्या जोमाने वाचायची गरज नाही. ग्रहांवरची प्रकरणं गोष्टीसारखी वाचून होतात. खरा वेळ द्या तो पाचव्याला, म्हणजे प्रकाश आणि वर्णपटाला, आणि मग सतरा ते एकोणीस व बावीस-तेवीसला. ताऱ्यांबद्दल आपल्याला जे काही कळतं ते जवळजवळ सगळं प्रकाशातूनच कळतं. पाचवं प्रकरण कच्चं राहिलं की पुढचं सगळं पाठांतर होऊन बसतं.

उदाहरण देतो. हिवाळ्यात संध्याकाळी मृग नक्षत्र बघा, न्यू जर्सीतूनही छान दिसतं. त्यातला तांबूस तारा म्हणजे काक्षी आणि निळसर पांढरा तो राजन्य. तारा जितका तापलेला तितका त्याचा रंग निळ्याकडे झुकतो. काक्षीच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ३,५०० केल्विन, आपल्या सूर्याचं ५,८००, राजन्यचं १२,०००च्या आसपास. आता विचार करा, काक्षी सूर्यापेक्षा थंड आहे, तरी शेकडो प्रकाशवर्षांवरून इतकी ठळक दिसते. थंड पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून कमी प्रकाश निघतो. मग एवढा उजेड येतो कुठून? पृष्ठभागच अवाढव्य असला पाहिजे. म्हणून ती महाराक्षसी तारका. हा तर्क स्वतः करता आला की एच-आर आकृती, म्हणजे ताऱ्यांचं तापमान आडवं (तापलेले डावीकडे) आणि तेज उभं मांडणारा आलेख, पाठ करावी लागत नाही. काक्षी त्या आकृतीत वर उजवीकडे का आणि श्वेत बटू (तापलेले पण अगदी छोटे तारे) खाली डावीकडे का, ते तुम्हीच सांगाल.

चंद्राच्या कला नव्याने शिकायला लागू नयेत. घरी संकष्टी होत असेलच. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, कारण तो सूर्याच्या बरोबर समोर असतो. पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर होत जातो, म्हणून वद्य चतुर्थीला चंद्रोदयासाठी रात्री नऊच्या आसपासपर्यंत थांबावं लागतं. तिथी म्हणजे तरी काय, चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी. तीस तिथ्यांत ३६० अंश. शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र दुपारी उगवतो, सूर्यास्ताला माथ्याजवळ असतो आणि मध्यरात्री मावळतो. इथली मुलं हे तक्ते करकरून घोकतात. आपल्याकडे ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर टांगलेलं असतं. ग्रहण दर अमावास्या-पौर्णिमेला का होत नाही, एवढं मात्र पुस्तकातून नीट बघून घ्या. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, ते कारण.

मकर संक्रांतीचंही तसंच. सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला आणि आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो, त्यामुळे हे अंतर पडलं. याच गिरकीमुळे आजचा ध्रुवतारा कायमचा ध्रुव नाही. आणखी सुमारे १२,००० वर्षांनी अभिजित त्या जागेजवळ असेल.

व्हिडिओ हवे असतील तर यूट्यूबवर फिल प्लेट यांची 'क्रॅश कोर्स अ‍ॅस्ट्रॉनॉमी' मालिका बघा. ते बोलतात भरभर, सबटायटल्स लावा. आकाश फिरवून बघायला स्टेलॅरियम, तेही फुकट. नेब्रास्का विद्यापीठाची सिम्युलेशन्सही शोधा; एच-आर आकृती आणि चंद्रकलांसाठी त्यांच्याइतकं चांगलं काही मला मिळालेलं नाही. विकतचे प्रश्नसंच शेवटच्या आठवड्यात सरावापुरते ठीक. त्यांच्यावरून शिकू नका.

पाचवा_मैल:
ओसरीताई, फी भरायच्या आधी एक बघा. या परीक्षेची ३ क्रेडिट्स प्रयोगशाळेशिवायची असतात. काही पदव्यांना विज्ञानात लॅबचीही अट असते. सल्लागाराला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, फोनवरच्या 'हो'वर जाऊ नका. आणि २०० ते ५०० या मोजपट्टीवर ४०० म्हणजे पास.

ओसरी:
दोघांचे मनापासून आभार. पाचवा_मैल, ईमेल केली, लॅबची अट मला नाही.
कातळकडा, संकष्टीचं वाचून फार बरं वाटलं. पाचवं प्रकरण उघडलंय. पण अंतरं मोजण्याचं एकोणिसावं प्रकरण चाळलं आणि गोंधळले. पॅरॅलॅक्स, सेफिड, सुपरनोव्हा, रेडशिफ्ट... एवढ्या पद्धती कशाला? आणि गणिताचं राहिलंच.

कातळकडा:
कारण एकही पद्धत सगळीकडे पुरत नाही. प्रत्येक पद्धत आधीच्या पद्धतीच्या खांद्यावर उभी आहे. त्याच क्रमाने वाचा म्हणजे गोंधळ होणार नाही.

हाताचा अंगठा समोर धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा. अंगठा सरकल्यासारखा वाटतो, तोच पॅरॅलॅक्स. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते, तेच आपले दोन डोळे. पण तारा फार लांब असला की हे सरकणं मोजता येत नाही. तिथे सेफिड तारे कामाला येतात. त्यांचा उजेड ठरावीक लयीत कमीजास्त होतो. हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये दाखवलं की लय जितकी संथ, तितका तारा मुळात तेजस्वी. मग मुळातलं तेज आणि दिसणारं तेज ताडून पाहिलं की अंतर निघतं. त्याहून लांबच्या दीर्घिकांसाठी एक-ए प्रकारचे सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे स्फोट, कारण त्यांचं मूळ तेज जवळजवळ ठरलेलं असतं. आणि त्याही पलीकडे रेडशिफ्ट, म्हणजे दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश लाल रंगाकडे सरकणं. त्यावरून वेग कळतो आणि अंतर काढायला हबल यांनी १९२९ मध्ये मांडलेला संबंध वापरतात: दीर्घिका जितकी दूर, तितक्या वेगाने ती आणखी दूर जाते.

गणित म्हणाल तर गुणोत्तरं आणि वर्ग-घन एवढंच. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई, तिप्पट झालं की नववा हिस्सा. केप्लरचा तिसरा नियम घ्या: ग्रह पृथ्वीच्या चौपट अंतरावर असेल तर ४चा घन ६४, त्याचं वर्गमूळ ८, म्हणजे त्याचं वर्ष आपल्या ८ वर्षांचं. दहावीचं गणित झालंय ना, मग भागतं. अशी दहा-बारा उदाहरणं हाताने सोडवा, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून.

सेफिडपाशी अडलात तर इथेच लिहा, मी रात्री बघत असतो.