मदत हवी आहे: सीएलएल (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा, सहसा सावकाश वाढणारा कर्करोग), ११क्यू डिलीशन (११व्या गुणसूत्राचा तुकडा गळणं), आयजीएचव्ही अनम्युटेटेड (अँटीबॉडीच्या जनुकात बदल न झालेला, जास्त जोखमीचा प्रकार). त्रास काहीच नाही, तरी गोळ्या आत्ताच सुरू कराव्यात का?

दूर्वांकुर:
नात्यातले गृहस्थ, वय ६१. फ्लो सायटोमेट्रीवर (पेशी ओळखण्याची तपासणी) सीएलएलचं निदान पक्कं झालंय. रिपोर्ट असे:

पांढऱ्या पेशी सहा महिन्यांपूर्वी ३१,०००, त्यात लिम्फोसाइट ७४%. आता ४८,००० आणि ८१%. हिमोग्लोबिन १२.८, प्लेटलेट १ लाख ८६ हजार. मानेत दोन्ही बाजूंना दीड-दोन सेंमीच्या गाठी, प्लीहा हाताला लागत नाही. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन (रक्तातलं एक प्रथिन) ३.८. फिशमध्ये (गुणसूत्रांची तपासणी) ११क्यू डिलीशन ४१% पेशींत. १७पी डिलीशन, १३क्यू डिलीशन, ट्रायसोमी १२ (१२वं गुणसूत्र जादा असणं) यांतलं काही नाही. आयजीएचव्हीचं मूळ जनुकाशी ९९.६% साम्य, म्हणजे अनम्युटेटेड. ताप नाही, वजन स्थिर, रात्री घाम येत नाही.

डॉक्टर म्हणतात, दर तीन महिन्यांनी सीबीसी करून दाखवा. घरच्यांचा प्रश्न असा की जनुकांचा रिपोर्ट वाईट आहे आणि चांगल्या गोळ्याही मिळतात, मग थांबायचं कशाला? ओळखीतल्या सीएमएलच्या (रक्ताचाच दुसरा कर्करोग) रुग्णाला निदान होताच इमॅटिनिब ही गोळी सुरू केली होती. शिवाय मुलं ३४ आणि ३० वर्षांची आहेत, त्यांच्या तपासण्या करायच्या का?

सह्यकडा:
सीएमएलशी तुलना आधी बाजूला ठेवा. सीएमएलमध्ये बीसीआर-एबीएल हे एकच जनुक आजार चालवतं, आणि उपचार न केल्यास तो ब्लास्ट क्रायसिसकडे (झपाट्याने वाढणारा शेवटचा टप्पा) सरकतो. म्हणून तिथे ४०० मिग्रॅ इमॅटिनिब लगेच. सीएलएलचा स्वभाव वेगळा आहे.

आता तुमचे आकडे. सीएलएल-आयपीआय, म्हणजे जोखमीचे गुण, मांडू: वय ६५ च्या आत, ० गुण. गाठी आहेत म्हणून राय वर्गीकरणाचा टप्पा १, त्याचा १ गुण. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन ३.५ च्या वर, २ गुण. आयजीएचव्ही अनम्युटेटेड, २ गुण. बेरीज ५, आणि ४ ते ६ म्हणजे जास्त जोखीम. घरच्यांची काळजी निराधार नाही. पुढे कधीतरी उपचार लागण्याची शक्यता खरंच जास्त आहे. पण हे गुण उपचार कधी सुरू करायचे ते ठरवत नाहीत. तो निर्णय आयडब्ल्यूसीएलएल या आंतरराष्ट्रीय गटाच्या निकषांवर होतो: हिमोग्लोबिन १० च्या खाली, प्लेटलेट १ लाखाच्या खाली, प्लीहा बरगडीखाली ६ सेंमी किंवा अधिक, गाठ १० सेंमी किंवा अधिक, सहा महिन्यांत १०% वजन घटणं, संसर्ग नसताना दोन आठवडे १००.५ च्या वर ताप, महिनाभर रात्री घाम, रोजची कामं होऊ नयेत इतका थकवा.

लिम्फोसाइट सहा महिन्यांच्या आत दुप्पट होणं हाही एक निकष आहे. तुमचा हिशोब: ३१,००० चे ७४% म्हणजे २२,९४०, ४८,००० चे ८१% म्हणजे ३८,८८०. या वेगाने दुप्पट व्हायला साधारण आठ महिने लागतात, म्हणजे निकषात बसत नाही. आणि दोन बिंदूंवरून वेग काढूच नये. दर दोन आठवड्यांनी, दोन-तीन महिने मोजून काढतात. मधे सर्दी-ताप किंवा स्टेरॉइड झालं असेल तर तो आकडा हिशोबातून वगळायचा. लिम्फोसाइटचा सुरुवातीचा आकडा ३०,००० च्या खाली असल्यामुळे इथे निरीक्षण आणखी लांबवावं लागेल. नुसत्या ४८,००० पांढऱ्या पेशी हे उपचाराचं कारण होत नाही, ही गोष्ट घरी पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

लवकर उपचार करून पाहिलेलेच नाहीत, असंही नाही. जर्मन गटाच्या सीएलएल७ चाचणीत जास्त जोखमीच्या, त्रास नसलेल्या रुग्णांना एफसीआर ही तीन औषधांची केमो आधीच दिली. सीएलएल१२ मध्ये इब्रुटिनिब (सीएलएलच्या पेशींतलं बीटीके प्रथिन अडवणारी गोळी) ४२० मिग्रॅ विरुद्ध प्लासिबो (औषध नसलेली गोळी). दोन्हींत आजार पुढे सरकायला जास्त वेळ लागला, पण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. इब्रुटिनिबच्या बाजूला रक्तस्राव आणि हृदयाची अनियमित लय हे त्रास मात्र होते. शिवाय अशी गोळी अनेक वर्षं घ्यावी लागते. बीटीके जनुकात सी४८१एस नावाचा बदल होऊन ती निकामी होऊ शकते. त्रास नसताना हे औषध खर्ची पडलं, तर गरजेच्या वेळी एक पर्याय कमी. जास्त जोखमीच्या रुग्णांत आधी की नंतर, हाच प्रश्न घेऊन व्हेनेटोक्लॅक्स (गोळी) आणि ओबिनुटुझुमॅब (शिरेतून दिली जाणारी अँटीबॉडी) यांची इव्हॉल्व्ह नावाची चाचणी अमेरिकेत आखली गेली. चाचणीच्या बाहेर मात्र आज थांबणं हाच प्रमाण सल्ला आहे, आणि तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे.

पारिजातक:
तुमच्या यादीत टीपी५३ म्युटेशनची तपासणी दिसत नाही. टीपी५३ हे पेशींच्या वाढीला आवर घालणारं, १७पीवरचं जनुक. फिशमध्ये १७पीचा तुकडा गळालाय का एवढंच दिसतं. तुकडा जागेवर असून जनुक बिघडलेलं असू शकतं, ते सिक्वेन्सिंगशिवाय कळत नाही. ते निघालं तर आयपीआयमध्ये ४ गुण वाढून बेरीज ९, म्हणजे अतिजास्त जोखीम. तरीही त्रास नसेल तर लगेच उपचार नाहीत. पण उपचाराच्या वेळी केमो पूर्ण बाद होते, कारण टीपी५३ बिघडलेल्या पेशी केमोला दाद देत नाहीत. तिथे अकॅलाब्रुटिनिब किंवा झॅनुब्रुटिनिबसारखी बीटीके गोळी आधी येते. ११क्यूची धास्ती बरीचशी केमोच्या काळातली. या गोळ्यांवर त्याचा वाईट परिणाम फारसा उरत नाही. मात्र ११क्यूमध्ये गाठी मोठ्या होण्याकडे कल असतो, म्हणून प्रत्येक भेटीत गाठी टेपने मोजून लिहून ठेवायला सांगा.

आयजीएचव्ही आयुष्यात एकदाच करायची, ती बदलत नाही. फिश आणि टीपी५३ मात्र उपचार सुरू करण्याआधी पुन्हा. आज टीपी५३ केली आणि तीन वर्षांनी उपचार लागले, तर जुन्या रिपोर्टवर औषध निवडू नका; मधल्या काळात नवा क्लोन (पेशींचा वेगळा वंश) वाढलेला असू शकतो. नमुना साध्या रक्ताचा पुरतो, अस्थिमज्जेची गरज नाही. फिशला हेपरिनची हिरवी नळी, सिक्वेन्सिंगला ईडीटीएची जांभळी.

मुलांबद्दल: इथे जनुकीय आणि आनुवंशिक यांत गल्लत होतेय. ११क्यू डिलीशन वडिलांच्या रक्तातल्या एका पेशीवंशात आयुष्यात पुढे कधीतरी घडलं, मुलांकडे ते गेलेलं नाही. सीएलएल काही घरांत जास्त दिसतो हे खरं, सख्ख्या नातेवाइकांत धोका काही पट असतो. पण मूळ धोकाच इतका लहान की निरोगी मुलांची फ्लो सायटोमेट्री करायला कोणी सांगत नाही. केलीत तर नुसती काळजी विकत घ्याल.

दूर्वांकुर:
टीपी५३ करायला सांगतो. हिमोग्लोबिन पुढे १० च्या खाली गेलं तर लगेच गोळ्या, असंच ना? आणि त्यांना ॲसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्राझोल चालू आहे.

सह्यकडा:
लगेच नाही. आधी रक्ताच्या तपासण्या: फेरिटिन, बी१२, रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी), एलडीएच आणि कूम्ब्स (लाल पेशींवर शरीराच्याच अँटीबॉडी आहेत का). शाकाहारी घरात बी१२ कमी असणं नेहमीचं, ते सीएलएलच्या नावावर जायला नको. कूम्ब्स पॉझिटिव्ह असून लाल पेशी फुटत असतील तर आधी स्टेरॉइड देतात.

पॅन्टोप्राझोल आत्ताच लिहून ठेवा: अकॅलाब्रुटिनिबची कॅप्सूल त्यासोबत नीट शोषली जात नाही, गोळीच्या स्वरूपात अडचण नाही. क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरची काही औषधं या गोळ्यांची रक्तातली पातळी बरीच वाढवतात. ग्रेपफ्रूट वर्ज्य, पपनस त्याच कुळातलं, तेही टाळा. व्हेनेटोक्लॅक्स द्यायचं ठरलं तर ते २० मिग्रॅपासून ५०, १००, २००, ४०० असं पाच आठवड्यांत चढवतात, नाहीतर पेशी एकदम फुटून पोटॅशियम आणि युरिक ॲसिड चढतं. तेव्हा रोज दीड-दोन लिटर पाणी आणि ॲलोप्युरिनॉल.

थांबण्याच्या काळात न्यूमोकॉकल आणि फ्लूची लस, तसंच नागिणीची रीकॉम्बिनंट लस उरकून घ्या. उपचार सुरू झाल्यावर लसींचा उपयोग कमी होतो. जिवंत लसी मात्र नकोत. आणि ओबिनुटुझुमॅबच्या आधी हेपटायटिस बीच्या दोन तपासण्या, एचबीएसएजीसोबत अँटी-एचबीसीही (जुन्या संसर्गाची खूण), करून घ्या. नुसती पहिली निगेटिव्ह आल्यावर पुढे जाणं इथे महागात पडतं, यकृतातला जुना हेपटायटिस बी पुन्हा उसळू शकतो.