दोन टँग, एक टाकी
वर्षभर टाकीत रुळलेला आपला यलो टँग हा पिवळा समुद्री मासा नव्या पर्पल टँगवर, म्हणजे त्याच्या जांभळ्या भाऊबंदावर, तुटून पडला, याचे मला नवल वाटत नाही. पहिला मुख्यतः हवाईचा, दुसरा तांबड्या समुद्राकडचा. तरी दोघेही झेब्रासोमा गटातले, अंगाने सारखेच चपटे आणि शेवाळ खुडून खाणारे असल्यामुळे जुन्याला नवा थेट वाटेकरी वाटतो. यलो टँगच्या शेपटीच्या बुडाशी दिसणारा पांढरा काटा नस्तरासारखा धारदार असतो. नव्याच्या कुशीवर ओरखडे असतील, तर कृपया आजच त्याला त्याच टाकीत जाळीच्या कप्प्यात ठेवावे, दगडांची मांडणी बदलावी आणि नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे पापुद्रे, टाकीच्या दोन्ही टोकांना लावावी. आठवड्यानंतरही जुना कप्प्यावर धडका देत राहिला, तर एकाला दुसरीकडे हलवावेच. चार फुटी टाकीत नव्याला पळायला जागाच उरत नाही.